मुखपृष्ठ नसलेलं पुस्तक – प्रकल्पाच्या नोंदी

९ जून, रविवार

डिझर्टेशनचा विषय आधी 'एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यातली मुंबई' असा ऐसपैस होता, मॅडमनी पहिल्याच भेटीत त्याचे पंख कापले, म्हणाल्या नोकरी करून एम.ए. करतेयस, एक पुस्तक घे आणि ते नीट वाच. मी गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं 'मुंबईचें वर्णन' घेणार होते पण त्यावर बरंच काम झालंय, इंग्रजी भाषांतरसुद्धा आहे. मग गेल्या महिन्यात एका जुन्या ग्रंथालयात (नाव लिहीत नाही, कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे) 'संकीर्ण' असं लिहिलेल्या कपाटात एक चोपडं सापडलं. पुढचं पुठ्ठं नाही, मुखपृष्ठ नाही, पान ५ पासून सुरू, पान ९२ ला शेवट. मामा आणि भाचा. भाचा कोकणातून गलबताने येतो आणि मामा त्याला मुंबई दाखवतो, सगळं प्रश्नोत्तरात, त्या काळच्या शाळेच्या पुस्तकांची ही आवडती पद्धत. लेखक कोण, वर्ष कुठलं, काहीच नाही. कसरीने कडा अशा खाल्ल्यात की पान उलटताना भुगा पडतो.

झेरॉक्स मिळणार नाही. बरोबरच आहे म्हणा, पान मोडेल. पण मोबाईलवर फोटो काढायलाही अर्ज, अर्जावर सही, सही करणारे साहेब रजेवर. तीन शनिवार फेऱ्या मारून परवानगी मिळाली तीही फ्लॅशशिवाय, आणि त्या टेबलावरचा दिवा गेलेला. खिडकीशी उभं राहून ८८ पानांचे फोटो काढले, भांडुपला पोचेपर्यंत मान धरली.

१६ जून, रविवार

फोटोंवरून मजकूर आपोआप टाइप होईल या आशेवर होते. मोबाईलच्या ओसीआरने पहिल्याच पानाचा असा काही कीस काढला की मी आणि पार्टनर (वर्गमैत्रीण, ती मला शब्दसूचीत मदत करतेय, तिचा विषय वेगळा) पोट धरून हसलो. त्या काळी 'म्हणून' हे 'ह्मणून' असं छापायचे, ह आधी आणि म नंतर. ओसीआरला ते 'हाणून' वाटलं. त्यामुळे मामा दर दोन वाक्यांनी कुणाला तरी हाणतोय.

दुसरा घोळ अनुस्वारांचा. केलें, झालें, त्यानें, घरांत, कांहीं, नाहीं. एका ओळीत सात-आठ टिंबं सहज. अर्धी टिंबं ओसीआर गाळतं आणि जिथे कागदावर डाग आहे तिथे स्वतःची घालतं. गंमत म्हणजे ही टिंबं म्हणजे नुसती नक्षी नाही. 'घरें' म्हटलं की नपुंसकलिंगी अनेकवचन, 'मीं' म्हटलं की कर्त्याची तृतीया, 'घरांत' मधलं टिंब सप्तमीचं. १९६२ च्या लेखननियमांनी यातली बहुतेक काढून टाकली, आणि आपण आता चॅटवर 'केलं, गेलं, आलं' लिहितो तेव्हा त्यातलंच एक टिंब मागच्या दाराने परत येऊन बसलेलं असतं, फक्त मात्रा उडालेली. मी हे आयुष्यभर लिहितेय आणि आत्ता लक्षात आलं.

२२ जून

हाताने टाइप करायचं ठरलं. ऑफिस सुटल्यावर रोज दीड पान होतं, रविवारी पाच. टाइप करताना सवयीने 'म्हणून' पडतं, मग मागे जाऊन 'ह्मणून' करायचं.

८ जुलै, सोमवार

रात्रीपासून पाऊस कोसळतोय, रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प, ऑफिसने कळवलं घरीच बसा. तर आज सालाचा तपास.

सुदैवाने मलपृष्ठ टिकलंय. त्यावर किंमत सहा आणे, टपालहंशील वेगळं, आणि खाली एक ओळ की पुस्तक १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे रजिस्टर केलंय. ही ओळ त्या काळच्या हजारो पुस्तकांवर असते आणि कुणी वाचत नाही, पण माझ्यासाठी सोनं. १८६७ चा छापखाने आणि पुस्तकं नोंदवायचा कायदा, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचं असू शकत नाही. (शंभर वेळा पाहिलेलं मलपृष्ठ, आज पहिल्यांदा वाचलं. असो.)

मग आतले पुरावे. मामा भाच्याला रस्त्यावरचे गॅसचे दिवे दाखवतो, ते १८६५ पासून. नळाचं पाणी विहार तलावातून येतं असं सांगतो, ते १८६० पासून. क्रॉफर्ड मार्केट आहे, म्हणजे १८६९ नंतर. आणि पान ६१ वर दोघं ट्रामगाडीत बसतात! घोडे ओढणारी ट्राम. ती मुंबईत सुरू झाली ९ मे १८७४ ला. खालची रेघ, म्हणजे पुस्तक ज्याच्या आधीचं नसणार ते साल, एका फटक्यात पाच वर्षं वर सरकली, मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या, आईला वाटलं वीज आली.

वरची रेघ, म्हणजे पुस्तक ज्याच्या नंतरचं नसणार ते साल, मात्र सापडत नाही. आगगाडी 'बोरीबंदरा'हून सुटते असं लिहिलंय पण त्याचा उपयोग शून्य, कारण व्हीटीची इमारत झाल्यावरही लोक कित्येक वर्षं बोरीबंदरच म्हणत राहिले, माझी आजी तर मरेपर्यंत म्हणायची.

१४ जुलै, रविवार

मॅडमच्या घरी दादरला. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की राजाबाई टॉवरचा उल्लेखच नाही, मामा भाच्याला कोटातलं (म्हणजे फोर्टमधलं) सगळं दाखवतो आणि एवढा उंच मनोरा दाखवत नाही म्हणजे तो तेव्हा नव्हता, तो पुरा झाला १८७८ ला, म्हणजे पुस्तक १८७४ ते १८७८. मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. "अगं, तुझ्या पुस्तकात माहीमचा दर्गाही नाही. तो नव्हता का?"

गप्प बसले. जे लिहिलेलं नाही त्यावरून साल काढायचं नाही, फार तर 'शक्यता' म्हणून तळटीपेत टाकायचं.

जाताना त्यांनी आणखी एक काम लावलं. म्हणाल्या मजकूर आजच्या शुद्धलेखनात आण, ही दीड-दीड पानांची वाक्यं तोड, परिच्छेद पाड, नाहीतर तुझ्याशिवाय हे कोण वाचणार. मला पटलं. मलाही ती वाक्यं डोक्यात शिरत नव्हती, मामा एकदा बोलायला लागला की क्रियापद येईपर्यंत गिरगावातून भायखळा येतं.

२७ जुलै, शनिवार

मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला फिकट शाईत एक ओळ आहे, मोडी लिपीत. मोडी मी कॉलेजात आठ दिवसांच्या वर्गात शिकले होते, म्हणजे न शिकल्यातच जमा. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघेला लोंबकळत ठेवायची, शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पत्रव्यवहाराला मोडी आणि छापायला बाळबोध (म्हणजे देवनागरी) अशी तेव्हा सरळ वाटणी होती, त्यामुळे छापील पुस्तकाच्या मालकाने आपली खूण मोडीत केली यात नवल काही नाही.

पंधरा दिवस ती ओळ मोबाईलचं वॉलपेपर करून ठेवली होती. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या बघायची. काल घाटकोपर ते दादरच्या मध्ये एकदम सुटली: नाव (आडनावावर डाग), मग 'यांचें पुस्तक असे', मग चैत्र शुद्ध, तिथी पुसट, शके १८०३. शकात ७८ मिळवायचे, चैत्रात असेल तर नक्की ७८च, म्हणजे १८८१ चा मार्च-एप्रिल. पुस्तक त्याच्या आधी छापलेलं. १८७४ ते १८८१! शेजारी उभ्या बाईंना मोबाईल दाखवून सांगावंसं वाटलं, त्यांनी सीट मिळतेय का बघितलं आणि पुढे सरकल्या.

म्हणजे हा मामा नेमका चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'च्या काळातला, ती १८७४ ला सुरू झाली आणि १८८१ पर्यंत चालली. योगायोगच, पण तुलनेला तयार जोडीदार मिळाला.

४ ऑगस्ट, रविवार

'आधुनिक आवृत्ती'ची पहिली दहा पानं केली. वाक्यं तोडली, पूर्णविराम दिले. वाचताना स्वच्छ वाटतं आणि मेलेलं वाटतं. मामा आता गाईडपुस्तकासारखा बोलतो. का ते कळत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. आई संध्याकाळी 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय वाचते, वाचते म्हणजे मोठ्यांदा, त्या ठरलेल्या चालीत, घरात कुणी ऐको न ऐको. तिचं झालं आणि माझे छापलेले कागद टेबलावर होते, तिने चष्मा होताच म्हणून सहज उचलला एक. पान ३७, जे मी सोडून दिलं होतं, भाचा विचारतो इतकी माणसं रोज खातात काय आणि मामाचं उत्तर एकच वाक्य, तेवीस ओळी. ते मूळचं पान होतं, न तोडलेलं.

आईने ते धडाधड वाचलं. एकदाही अडखळली नाही! पोथीची चाल नव्हती पण पोथीचा श्वास होता. मी म्हटलं, "आई, थांब, परत वाच, तू कुठे थांबतेस ते मला बघू दे." ती म्हणाली, "आता काय परीक्षा घेतेस का माझी?" पण वाचलं.

मी पेन्सिलने तिच्या थांब्यांवर खुणा केल्या. स्वल्पविरामावर ती थांबतच नाही. थांबते ती 'परंतु'च्या आधी, 'सबब'च्या आधी, 'ह्मणून'च्या नंतर, 'तेव्हां', 'असें असतां', 'आणि' यांच्याजवळ. मामाचं वाक्य या शब्दांवर बिजागरीसारखं वळतं. आणि मी माझ्या स्वच्छ आवृत्तीत पूर्णविराम देताना नेमके हेच शब्द उडवले होते, कारण पूर्णविराम दिल्यावर 'सबब'ची गरज राहत नाही!

विरामचिन्हं मराठीत आणली-रुजवली ती मेजर कँडीसाहेबाने, मोल्सवर्थबरोबर मराठी-इंग्रजी कोशाचं काम करणारा तोच. म्हणजे आपल्या पुस्तकाच्या वेळी ही चिन्हं मराठीत अजून नवीनच होती. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने कुठे स्वल्पविराम बसवलाय, कुठे अर्धविराम, एकाच पानावर दोन पद्धती. मी या नवख्या चिन्हांवर भरवसा ठेवून वाचत होते आणि मुरलेल्या शब्दांकडे दुर्लक्ष करत होते. म्हणून मला ती वाक्यं कळत नव्हती आणि दहावी शिकलेल्या आईला कळली.

१८ ऑगस्ट

मॅडमना फोन. त्या खूश झाल्या पण लगेच सोडतील तर त्या मॅडम कसल्या. म्हणाल्या छान आहे, पण हे 'जुनं मौखिक मराठी' वगैरे म्हणू नकोस, सभासदाची बखर काढ आणि बघ, वाक्यं तुटक आहेत, क्रियापद लगेच येतं. खरंच की. लांब वाक्य म्हणजे जुनं वाक्य असं काही नाही. उलट त्यांचं म्हणणं, ही लांबी शाळा-कॉलेजात इंग्रजी वाचून, भाषांतरं करून आलेली.

आठवडाभर जोड्या लावून वाचल्या. निबंधमालेतलं वाक्य लांब असतं पण त्याची रचना वेगळी: एक मुख्य वाक्य, त्याच्या पोटात दुसरं, त्याच्या पोटात तिसरं, आणि ते डोळ्याला बरोबर दिसतं, म्हणजे तिथे मॅडमचं बरोबर. मामाचं वाक्य पोटात पोट नाही, मालगाडीसारखं डब्याला डबा. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' (१८५७) दोन्हीच्या मधे कुठेतरी, गोष्ट सांगताना डबे, उपदेश करताना पोटं. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) तर समोर उभं करून भांडल्यासारखी, तिथे वाक्याची लांबी रागावर ठरते, आणि राग तरी कुठला, सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं सगळ्या बाईजातीला नावं ठेवत होती त्याचा.

आणि मग जोतीराव. 'शेतकऱ्याचा असूड'मधली वाक्यं मी कॉलेजात असताना शिक्षकांनी 'बोजड' म्हणून बाजूला ठेवली होती, पान-पान चालणारी. पण ते पुस्तक छापून पुरं व्हायच्या आधी जोतीरावांनी मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवलं होतं, बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनाही. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेलेच जास्त असणार. बोजड कुणाला? मी काल रात्री त्यातला शेतकऱ्याच्या घराचा भाग मोठ्याने वाचला, खालच्या मजल्यावरच्या काकांनी सकाळी विचारलं, काल कुणाशी भांडत होतात?

२५ ऑगस्ट, रविवार

पार्टनरला घेऊन मामा-भाच्याच्या रस्त्याने फिरलो. भाच्याला पाण्याचं फार, गावाकडे विहीर आटते म्हणून असेल, त्यामुळे मामा त्याला तळी दाखवत फिरतो. धोबीतलाव: तलाव नाही, सिग्नल आहे. सी.पी. टँक: बांगड्यांची दुकानं. दोन टाकी: एकही टाकी नाही. गोवालिया टँक: मैदान, तेही १९४२ मुळे सगळ्यांना ऑगस्ट क्रांती म्हणून माहीत. नळ आले, तळ्यांत डास आणि घाण, एकेक करून बुजवली, नावं तेवढी बेस्टच्या बसवर राहिली. शेवटी बाणगंगेला गेलो तेव्हा पाणी दिसलं. पार्टनर पायरीवर बसून म्हणाली, भाच्याने इथे काय विचारलंय? बघितलं तर त्याने विचारलंय की हे पाणी गोड कसं, समुद्र तर इथेच आहे. मामाचं उत्तर पौराणिक आहे, रामाच्या बाणाचं, आणि लगेच 'परंतु' येतं आणि झऱ्याची गोष्ट सुरू होते. दोन्ही एकाच वाक्यात. तोडलं असतं तर मामा आधी भाबडा आणि मग शहाणा झाल्यासारखा वाटला असता, तो एकाच वेळी दोन्ही आहे.

पाय दुखले. वडापाव दोन.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. काम शून्य.

२२ सप्टेंबर, रविवार

मॅडमसमोर प्रयोग केला. तीच चार पानं, एक प्रत मी तोडलेली, एक मूळची, मोठ्याने वाचून दाखवायची आणि मग ऐकणाऱ्याने काय लक्षात राहिलं ते सांगायचं. ऐकणारे तीन: आई, खालचे काका, आणि मॅडमचा बारावीतला मुलगा. हा काही अभ्यास वगैरे नाही, तिघांवरून काय ठरतं. पण आई आणि काकांना मूळची प्रत जास्त आठवली. मुलाला तोडलेली आठवली, आणि तो म्हणाला मूळ प्रत ऐकताना मला सारखं वाटत होतं की आता संपेल आता संपेल. माझा उत्साह थोडा उतरला, मॅडमचा चढला.

तोडगा असा निघाला: मजकूर मूळच्या लेखनात ठेवायचा, ह्मणून, टिंबं, सगळं. वाक्य तोडायचं नाही. पण ज्या शब्दावर वाक्य वळतं त्याच्या आधी थोडी मोकळी जागा सोडायची, छापील पानावर दिसेल न दिसेल एवढी. चिन्ह नवीन घालायचं नाही. शब्दसूची मागे, अर्थ मोल्सवर्थमधून पडताळून. मॅडम म्हणाल्या परीक्षकांना हे आवडणार नाही. मग हसल्या आणि म्हणाल्या, कर.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मराठीला अभिजात दर्जा मिळाला. सकाळपासून व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचे फॉरवर्ड, एका ग्रुपवर 'अभिजात' तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलंय. मलाही आनंद झाला, खोटं का बोला. फक्त तेवढ्यात त्या कपाटातली बाकीची संकीर्ण चोपडी आठवली, पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. पार्टनरने सुचवलं ग्रंथालयाला पत्र लिही, निदान कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा म्हणावं. लिहिलं.

टाइप झालेली पानं ७१.

१९ ऑक्टोबर, शनिवार

८८ पानं पूर्ण. उरलंय ते कसरीने खाल्लेलं. एकूण ३४ ठिकाणी अक्षरं गेलीत, त्यातली ३१ मागच्यापुढच्यावरून नक्की भरता येतात, ती चौकटी कंसात भरली. दोन ठिकाणं अशी की तिथे काहीही बसेल, तिथे टिंबं ठेवली.

एक ठिकाण पान ९२ वर, शेवटून दुसरी ओळ. भाचा गावी परत जायला निघतो, मामा बंदरावर त्याला काहीतरी सांगतो आणि नेमकं तिथे अंगठ्याएवढं गोल भोक. आईला सगळं वाक्य वाचून दाखवलं, भोक आलं तिथे थांबले. तिने लगेच तो शब्द म्हणून टाकला, जणू पाठच होता: "सांभाळून." मी म्हटलं कशावरून? ती म्हणाली, "अगं बोटीत बसणाऱ्याला दुसरं काय सांगतात?"

मोजून बघितलं, जागा चार अक्षरांची आहे. बसतोय. तरी मजकुरात नाही घातला. माझ्या छापलेल्या प्रतीत समासात पेन्सिलने लिहिलाय. ग्रंथालयाच्या साहेबांचं उत्तर आलंय, कपाट हलवायला शिपाई नाही, दिवाळीनंतर बघू. पार्टनरचा नवरा आणि मी जाऊन हलवून येऊ असं लिहिलंय, बघू परवानगी देतात का.